मोटर चालू हाय का?

आमच्या उसाला पाणी पाजायची लाइट कधी येईल, हे पंचांगातही सापडत नाही. थ्री फेज या आठवड्यात दिवसा, तर पुढच्यात मध्यरात्री. मोटर कृष्णेकाठी, घर इकडे पलूसच्या अंगाला. मोटर चालू झाली की घरबसल्या कळावं, एवढ्यासाठी मी दोन ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे प्रोग्राम घालता येणारे चिमुकले संगणक, मागवले. बोटभर वस्तू, पण वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही पोटात.

पहिला हिसका केबलने दिला. घरातल्या सगळ्या केबली नुसत्या चार्जिंगच्या, आत डेटाच्या तारा नाहीतच. बोर्डावर लाल दिवा ऐटीत जळतो आणि लॅपटॉपला त्याचा पत्ताच नसतो. केबल मिळाली तर ड्रायव्हर हवा, म्हणजे लॅपटॉपला बोर्डाची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर. तो बोर्डावरच्या यूएसबी चिपप्रमाणे बदलतो, आणि ती सीएच३४० आहे की सीपी२१०२, हे वाचायला अण्णांचं पोथीचं भिंग घ्यावं लागलं.

मग बोर्डात प्रोग्राम चढवताना स्क्रीनवर 'कनेक्टिंग' आणि त्यापुढे टिंबंच टिंबं. ती पडत असताना बोर्डावरचं 'बूट' नावाचं बटण दाबून धरायचं असतं. काही बोर्ड आपणहून ऐकतात म्हणे. माझे दोन्ही रुसव्याफुगव्याचे निघाले. मी श्वास रोखून बटणावर बोट ठेवून बसलेला, तेवढ्यात आई आली. "इंजिनेर केला आन् बटन दाबून बसलाय," एवढं बोलून चहा न ठेवताच गेली.

अंगणात मात्र दोन्ही बोर्ड छान बोलले. ईएसपी-नाऊ नावाची सोय आहे, तिला राउटर लागत नाही. एका निरोपात २५० बाइट तरी मावतात. मला सांगायचं होतं फक्त 'मोटर चालू'. पण एक बोर्ड उसापलीकडे नेला आणि संवाद खुंटला. २.४ गिगाहर्ट्झची लहर ओल्या पाल्यात जिरते. म्हणजे ज्या पाण्याची खबर आणायची, तेच पाणी खबर पिऊन टाकतं!

मग लोरा आलं, म्हणजे थोडक्या विजेत लांबवर निरोप धाडणारा रेडिओ. बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे मोड्यूल ढिगाने मिळतात, पण आपल्याकडे लोरासाठी विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८चा, म्हणून त्या पट्ट्याचं मोड्यूल शोधत बसलो. अँटेना न लावता निरोप पाठवला तर मोड्यूल जळू शकतं, हे कळल्यापासून मी अँटेना दोनदा पिळून बघतो. अण्णांचं म्हणणं, "शेजारच्या रानातल्या गड्याला मिस कॉल दे की."

अखेर एका रात्री घरातल्या बोर्डावर अक्षरं उमटली: 'मोटर चालू'. मी अण्णांना उठवलं. बॅटरी घेऊन आम्ही नदीपर्यंत गेलो. सगळीकडे अंधार, फेज एकही नाही, मोटर गार. मोटरची खबर घेणारी तार मी जिथं जोडली होती, त्या या चिपच्या ३४ ते ३९ नंबरच्या पिनांना आतून पुल-अप, म्हणजे पिनेला एका जागी धरून ठेवणारा रेझिस्टर, नसतो. बाहेरून रेझिस्टर लावला नाही तर त्या वाऱ्यावर असतात, मनाला येईल ते सांगतात. मी हे तिथंच, बांधावर, सविस्तर समजावलं.

अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजी लाइटीबिगर मोटर चालतीया," ते म्हणाले. "उद्या वायरमनला घिऊन ये, त्याला बी दाखवू."