यादी की रॅली? कट्ट्यावरचा वाद

ग्रामपंचायत निवडणुकीसाठी वॉर्डांची प्रारूप (कच्ची) मतदार यादी चावडीवर लागली, त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. पैलवानाच्या डोक्यात डीजे आणि शंभर मोटारसायकली. मास्तरांच्या मांडीवर यादीची झेरॉक्स आणि कानाला पेन्सिल.

"रॅली निघाली की वारं फिरतं," पैलवान म्हणाला. "काठावरची माणसं गर्दी बघून इकडं येतात."

"काठावरची म्हणजे कोण? नावं सांग," मास्तर म्हणाले. "वॉर्डात मतं पाचशे. त्यातली मयत किती, पुण्या-मुंबईला किती, लग्न होऊन गेलेल्या पोरी किती? तुझ्या शंभर गाड्यांवरची निम्मी पोरं शेजारच्या गावची असणार. त्यांचं इथं मत आहे का?"

तात्यांनी मान डोलावली. चार-पाच मतांवर पडलेल्या सीटा त्यांनी पाहिल्यात. मतं समान झाली तर शेवटी चिठ्ठीच काढतात.

खरी गोम यादीत आहे, आणि ती पुष्कळ जुन्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. राज्य निवडणूक आयोग स्वतःची वेगळी यादी करत नाही. विधानसभेची यादी ठरलेल्या तारखेला आहे तशी घेतो आणि तीच वॉर्डवार फोडतो. म्हणून आता हरकत चालते ती तीनच कारणांवर: फोडताना झालेली लिखाणाची चूक, भलत्याच वॉर्डात पडलेलं नाव, किंवा विधानसभेच्या यादीत असून इथं गळालेलं नाव. नवं नाव या टप्प्यावर घुसत नाही.

"मग माझ्या सुनेचं काय?" टपरीवाल्या काकांनी गाळणं हातात धरूनच विचारलं.

सेतूवाला पोरगा म्हणाला, "काका, तिचं नाव माहेरी असणार. ते इकडं आणायचं तर फॉर्म आठ. सहा नंबर फक्त पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांना. लोक सरसकट सहा भरतात, मग नाव दोन्हीकडं राहतं आणि दुबार म्हणून बोंब होते. मयताला फॉर्म सात, सोबत मृत्यूचा दाखला. पण हे सगळं निवडणूक लागायच्या आधी. आता भरलात तर विधानसभेला उपयोग होईल, या वेळी नाही."

"म्हणजे वर्षभर कारकुनीच करायची?" पैलवान वैतागला.

"कारकुनी नाही, गल्ली फिरायची," मास्तर म्हणाले. "हद्द ओढ्याच्या अलीकडं आणि नावं पलीकडच्या वॉर्डात, असं दहा घरांचं तरी निघतं. हरकतीत नुसतं 'नावं चुकली' लिहिलंस तर कागद फायलीत पडून राहील. नाव, यादीतला क्रमांक, घर नंबर, हद्दीची खूण, सगळं लिही. आणि शिक्का मारलेली पोच घे. पोच नसेल तर हरकत दिलीच नव्हती असं समज."

पैलवान अगदीच चुकीचा नव्हता, हे इथं नोंदवायला हवं. यादी हातात घेऊन दारोदार जायला पोरं लागतात, आणि तेवढी पोरं गोळा करायची ताकद कट्ट्यावर त्याच्या एकट्याकडंच. तो म्हणाला तेही खरं, की म्हातारी माणसं मतदार चिठ्ठीवरचा आकडा बघत नाहीत, चिठ्ठी कोण देतंय ते बघतात.

त्या आकड्यावरूनच पुढची चकमक उडाली. पैलवानानं मोबाइलवरच्या विधानसभेच्या यादीच्या ॲपमधून अनुक्रमांक काढून चिठ्ठ्या लिहायचं ठरवलं होतं. मास्तरांनी झेरॉक्स त्याच्या नाकासमोर धरली. ॲपमध्ये विधानसभेचा अनुक्रमांक असतो, वॉर्डाच्या यादीत नवा पडतो. जुना असतो तो नावाच्या चौकोनात बारीक अक्षरात: मतदारसंघ, भाग, क्रमांक, मध्ये तिरक्या रेघा. चिठ्ठीवर तो जुना आकडा गेला की केंद्रावर नाव सापडेना, रांग तुंबते आणि उन्हाला कंटाळून बायाबापड्या घरी जातात.

अर्जांचा विषय सेतूवाल्यानं चटकन उरकला. राखीव जागेला जात पडताळणीचं प्रमाणपत्र, नाहीतर अर्ज केल्याची पोच आणि हमीपत्र. निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर पद जातं. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर उभंच राहता येत नाही. "छाननीच्या दिवशी समोरचं पॅनेल हेच उकरतं. म्हणून डमी अर्ज, म्हणजे एक बाद झाला तर दुसऱ्या माणसाचा, भरून ठेवा," तात्या म्हणाले.

मशीनवर मात्र बराच वेळ गेला. एका वॉर्डात दोन-तीन जागा, शिवाय लोकांनी थेट निवडायचा सरपंच. म्हणजे मतदारानं जितक्या जागा तितक्या वेळा बटण दाबायचं. आजीबाई ओळखीचं चिन्ह दिसलं की दाबतात आणि निघतात. शेवटचा लांब बझर वाजलेलाच नसतो. मग केंद्राध्यक्ष हाका मारतात, त्या दारातून परत फिरतात, गोंधळतात. यावर उपाय म्हणजे नमुना मतपत्रिका घेऊन ओसरीवर बसायचं आणि त्यांच्याच बोटानं दाबून घ्यायचं: "हे एक, हे दोन, हे तीन, आणि बझर ऐकल्याशिवाय हलायचं नाही." कोणी नको असेल तर 'नोटा'चं (यापैकी कोणी नाही) बटण आहेच, पण जागा रिकामी सोडायची नाही.

"आणि मतदान केंद्रावर आपला एजंट कोण?" तात्यांनी विचारलं.

"माझा मावसभाऊ," पैलवान म्हणाला. "दांडगा आहे."

"दांडगा नको, वॉर्डातली तोंडं ओळखणारा पाहिजे," तात्या म्हणाले. " बोगस माणूस आला तर आक्षेप मत पडायच्या आधी घ्यावा लागतो. बटण दाबल्यावर ओरडून काही होत नाही. सकाळच्या अभिरूप (चाचणी) मतदानाला हजर राहायचं, मशीन पुन्हा शून्यावर आणलेलं डोळ्यांनी बघायचं आणि मगच सीलवर सही. सातला चहा पिऊन पोहोचणारा चालणार नाही."

पैलवान गप्प बसला. मग त्यानं विचारलं, डीजेचं भाडं खर्चात दाखवावं लागतं का. लागतं. आणि हरलेल्यालाही निकालापासून ३० दिवसांत हिशोब द्यावाच लागतो, नाहीतर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवतात. हरलेले नेमके इथंच फसतात, कारण हरल्यावर पावत्या कोण जपतो!

डीजे रद्द झाला असं नाही. पण मास्तरांच्या झेरॉक्समधली वरच्या आळीची सहा पानं पैलवानानं घडी करून खिशात घातली, आणि काकांकडं पेन्सिल मागितली.