‘डोळे झाकून भरा’, पण भरायचं काय?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. दोघांनी ‘खरंय का हे?’ असं विचारत, दोघांनी ‘बघ, आम्ही सांगत नव्हतो?’ अशा थाटात. मजकूर थोडक्यात असा: एका ड्रायव्हरने डिझेल गाडी वर्षभर बायोडिझेलवर चालवली, काहीही बिघडलं नाही. इंजिन आतून साफ झालं, ॲव्हरेज वाढलं, धूर बंद. रुडॉल्फ डिझेलने इंजिन बनवलंच होतं शेंगदाणा तेलासाठी. तेव्हा कुठल्याही डिझेल गाडीत, काहीही न बदलता, डोळे झाकून भरा. नाही मिळालं तर तळणाचं तेल फडक्याने गाळून घाला. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

त्या ड्रायव्हरला मी खोटं पाडत नाही. माझी जुनी पिकअप तीन वर्षं बी२०वर चालली, म्हणजे २० टक्के बायोडिझेल (तेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेलं इंधन) आणि बाकी साधं डिझेल. आजही चालते. माझं भांडण त्या मेसेजमधल्या एकाच शब्दाशी आहे. ‘बायोडिझेल’ म्हणून त्याने टाकीत नेमकं काय ओतलं, हे कुठेच लिहिलेलं नाही. गाळलेलं तेलही बायोडिझेल, शंभर टक्के शुद्ध मालही बायोडिझेल आणि पंपावरचं मिश्रणही बायोडिझेल, असं सगळं एकाच पोत्यात भरलं की कुणाचाही अनुभव कुणालाही चिकटवता येतो.

शेंगदाणा तेलाची गोष्ट अर्धी खरी आहे. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं, पण ती कल्पना फ्रेंच सरकारची होती, असं खुद्द डिझेलनेच पुढे लिहून ठेवलंय. १८९७ मध्ये त्याचं जे इंजिन यशस्वी ठरलं ते खनिज तेलावर चाललं होतं. शिवाय त्या काळची इंजिनं संथ, अवजड, आणि इंधन दाबाच्या हवेने आत फुंकणारी. त्यांना जाडं तेल पचायचं. आजच्या इंजिनात इंधन फवारणाऱ्या नोझलची भोकं केसासारखी बारीक असतात.

म्हणूनच फडक्याने गाळायचा सल्ला सगळ्यात महागात पडणारा आहे. फडक्याने कचरा निघतो, जाडपणा तसाच राहतो. वनस्पती तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. ते नोझलमधून नीट फवारलं जात नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात. मग नोझलच्या तोंडाशी कार्बन धरतो, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करतं. गंमत म्हणजे पहिले काही महिने यातलं काही जाणवत नाही. गाडी मजेत चालते, मालक तेवढ्यात आपला ‘अनुभव’ लिहून मोकळा होतो.

बायोडिझेल करायचं तर तेलाची मिथेनॉल नावाच्या अल्कोहोलशी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. ढोबळमानाने १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल घेतलं की १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळतं. ते ग्लिसरीन वेगळं काढायचं, उरलेलं मिथेनॉल आणि प्रक्रियेत तयार झालेला साबण धुऊन टाकायचा, पाणी काढायचं. घरच्या पिंपात केलेला माल इथेच मार खातो. चांगलं बायोडिझेल १३० अंश सेल्सिअसच्या आत भडकत नाही, या बाबतीत ते डिझेलपेक्षा सुरक्षितच. पण थोडं मिथेनॉल आत राहिलं की हा आकडा धाडकन खाली येतो.

आता ‘काही बदलायला नको’ आणि ‘इंजिन साफ होतं’ हे दोन दावे. इथे मी स्वतः पोळलोय. बी२० सुरू केल्यावर तिसऱ्या टाकीला, चढावर, गाडीचा दम निघाला. ॲक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि ओढच नाही. मेकॅनिकने डिझेल फिल्टर काढला आणि पत्रा कापून उघडला. कागदाच्या घड्यांमध्ये काळा-तपकिरी गाळ बसला होता, बोटावर घेतला तर ग्रीससारखा चिकट. मी लगेच नव्या इंधनाला शिव्या घातल्या. तो म्हणाला, “हा त्याचा नाही साहेब, तुमच्या टाकीचाच आहे. इतकी वर्षं तळाला झोपला होता, त्याने उठवला.” बायोडिझेल जुना गाळ सोडवतं, हे खरंच आहे. फक्त साफ होतात टाकी आणि पाइप, आणि निघालेली घाण जाऊन बसते फिल्टरमध्ये. नवा फिल्टर घातला, हातपंपाने एअर काढली, महिन्याभरात आणखी एक बदलला. त्यानंतर आजतागायत तो त्रास नाही. सुरुवातीला एक जादा फिल्टर सीटखाली ठेवा, एवढं एक वाक्य त्या मेसेजमध्ये असतं तरी चाललं असतं.

आणि रबर. जुन्या गाड्यांच्या इंधन पाइपात आणि सीलमध्ये साधं किंवा नायट्राइल रबर असतं. शुद्ध बायोडिझेल ते फुगवतं, मऊ करतं. फ्लोरोरबरला काही होत नाही. २० टक्क्यांपर्यंत हा त्रास फार क्वचित होतो, माझ्या पाइपांना काही झालं नाही. शंभर टक्के भरणाऱ्याने मात्र आधी पाइप बदलावेत.

‘ॲव्हरेज वाढतं’ याला मला आधार सापडत नाही. एका लिटरमध्ये शुद्ध बायोडिझेलची ऊर्जा डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी, बी२०ची एक-दोन टक्के. अमेरिकेत बोल्डर शहरात नऊ एकसारख्या बस दोन वर्षं चालवून पाहिल्या, पाच बी२०वर आणि चार डिझेलवर. प्रयोगशाळेत बी२०चं ॲव्हरेज सुमारे २ टक्के कमी भरलं, रस्त्यावर मात्र दोन्ही गटांत फरक निघाला नाही. दोन टक्के म्हणजे टायरची हवा, सिग्नल आणि ड्रायव्हरचा पाय यांतच हरवून जाणारी गोष्ट. ज्याला ‘वाढलेलं’ दिसलं, त्याने बहुधा नवं इंधन भरल्यावर गाडी जरा जपून चालवली. मीही तेच केलं होतं.

धुराबद्दल मेसेज बराचसा बरोबर आहे. काळा धूर कमी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये काढलेल्या सरासरीत बी२०मुळे काजळीचे कण सुमारे १० टक्के घटले होते, नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले होते. ‘धूर बंद’ हे काही खरं नाही.

थंडीचा त्या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. पामतेलापासून केलेलं बायोडिझेल १३ ते १५ अंशांनाच गढूळ व्हायला लागतं, सोयाबीनचं शून्याच्या आसपास. नंतर फिल्टरवर मेण धरतं. पण सगळा दोष थंडीच्या माथी मारायलाही मी तयार नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने सप्टेंबर २००५ पासून डिझेलमध्ये फक्त २ टक्के बायोडिझेल सक्तीचं केलं. डिसेंबरात ट्रकांचे फिल्टर तुंबायला लागले आणि सक्ती तात्पुरती थांबवावी लागली. मिसळलेल्या मालात ग्लिसरीन मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. दोन टक्क्यांनी ट्रक उभे राहिले, माझी गाडी वीस टक्क्यांवर पळते. माल कुणी, कसा केला यावर एवढं अवलंबून असतं.

साठवण्याबद्दल फार बोलत नाही. हवा लागली की ते आंबूस होतं, पाणीही डिझेलपेक्षा बरंच जास्त धरतं. सहा महिन्यांहून जुना साठा गाडीत घालू नये.

राहिली ‘कुठलीही गाडी’. ज्या गाडीला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आहे, ती त्यात साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी काही वेळा सिलिंडरमध्ये उशिरा जादा इंधन सोडते. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिझेल असेल तर इंजिनच्या उष्णतेने बरंचसं पुन्हा उडून जातं. बायोडिझेल जास्त तापमानाला उकळतं, ते ऑइलमध्येच मुक्काम करतं आणि ऑइल पातळ होतं. म्हणून अशा गाडीत कंपनीने पुस्तिकेत छापलेल्या टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि ऑइलची पट्टी वरचेवर काढून बघावी. पातळी खाली गेली की आपण घाबरतो. इथे ती वर चढली तर घाबरायचं.

मेसेज पाठवणाऱ्या चौघांपैकी एकाची गाडी अशीच आहे. त्याला विचारलं, त्या ड्रायव्हरची गाडी कुठली होती, किती टक्के भरत होता?

“ते मेसेजमध्ये नाहीये,” तो म्हणाला.