गाठींतला नत्र नेमका कुणाचा?

पेरणीचे दिवस जवळ आले की एक मजकूर मोबाइलवर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी म्हणजे मोफत युरियाचा कारखाना; त्यातले जिवाणू हवेतला नत्र ओढून जमिनीत सोडत राहतात; शेंगा येणारं कुठलंही झाड चालतं; जितक्या गाठी जास्त तितका नत्र जास्त; आणि पुढच्या पिकाला नत्रखताची गरजच उरत नाही.

यातलं एक वाक्य निर्विवाद खरं आहे. गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. हेल्रीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात ते दाखवून दिलं आणि १८८८ मध्येच बायेरिंक या डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने गाठींतला जिवाणू वेगळा करून वाढवला. घोळ आहे तो पुढच्या वाक्यांत.

आधी ‘जमिनीत सोडतात’ हे घेऊ, कारण बाकीचे बरेच गैरसमज इथूनच निघतात. गाठ ही मातीत उघडणारी तोटी नाही. जिवाणू झाडाच्या पेशींच्या आत, पातळ पडद्याच्या पिशवीत राहतो. तिथे तयार झालेला अमोनिया झाड लगेच उचलतं, त्याची अमाइडं किंवा युरिआइडं ही नत्रयुक्त संयुगं बनवतं आणि पाण्याच्या वाहिन्यांतून वर पाठवतं. हा नत्र आधी पानांत जातो आणि दाणे भरायला लागले की पानांतून दाण्यांत उतरतो. पीक उभं असताना मातीत झिरपतो तो त्यातला किरकोळ भाग. मातीला खरा वाटा मिळतो तो नंतर, मुळं, गाठी आणि गळलेला पाला कुजल्यावर.

‘मोफत’ म्हणणाऱ्याने झाडाला विचारावं. नत्राच्या एका रेणूचा अमोनिया करायला जिवाणूला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, किमान १६ रेणू खर्चावे लागतात. ही ऊर्जा येते पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतून. शिवाय हे काम करणारं नायट्रोजिनेज विकर (एन्झाइम) ऑक्सिजन लागला की निकामी होतं, आणि श्वसनाला तर ऑक्सिजन हवाच. ही अडचण सोडवायला झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन भरतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते नातलग. ऑक्सिजन धरून ठेवायचा आणि मोजूनमापून द्यायचा, हे त्याचं काम.

एवढा खर्च असल्यामुळेच मातीत तयार नायट्रेट भरपूर असेल तर झाड गाठींच्या भानगडीत फारसं पडत नाही. पेरताना सढळ हाताने युरिया टाकायचा आणि वर गाठींचीही वाट पाहायची, हे दोन्ही एकदम जमत नाही.

आता ‘जितक्या गाठी तितका नत्र’. फुलोऱ्याच्या सुमारास एखादं रोप काढून बघा. उपटू नका, नाहीतर निम्म्या गाठी मातीतच राहतील. खुरप्याने ढेकळासकट उचला आणि पाण्यात हलकेच धुवा. मग गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचाच. पांढरी असेल तर कोवळी किंवा रिकामटेकडी. हिरवट-तपकिरी म्हणजे सेवानिवृत्त. आणि मूळच फुगलेलं असून गाठ चिमटीने सुटत नसेल, तर ती बहुधा सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म किड्याची. मोजायला बसलात तर तीही ‘कारखान्यात’ धरली जाईल.

रिकामटेकड्या गाठी हा विनोद नाही. साखर खायची आणि नत्र मात्र जेमतेम द्यायचा, असे रायझोबियमचे, म्हणजे याच गाठींतल्या जिवाणूचे, वाण मातीत असतात. मग झाड फसतं का? जीवशास्त्रज्ञ टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनवर एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. गाठींभोवतीच्या हवेतला नत्र जवळजवळ सगळा काढून त्यांनी त्या जागी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला, म्हणजे चांगल्या जिवाणूंनाही संपावर बसवलं. या गाठींत जिवाणूंची वाढ निम्म्यावर आली आणि झाडाने त्यांचा ऑक्सिजन आखडता घेतल्याच्या खुणा मिळाल्या. काम नाही तर दाम नाही! सहजीवन म्हटलं की आपल्याला गळ्यात गळे दिसतात. इथे चोख हिशेब चालतो.

‘शेंगा येणारं कुठलंही झाड’ हेही पटकन निकालात काढता येतं. चिंच, बहावा, गुलमोहर यांना शेंगा येतात, पण मुळांवर गाठी येत नाहीत. उलट सुरूला शेंगा नसतात, तरी फ्रँकिया नावाच्या वेगळ्याच जिवाणूच्या गाठी असतात. जिथे गाठी येतात तिथेही कुलूप-किल्ली जुळावी लागते: मूळ विशिष्ट फ्लॅव्होनॉइड (एक प्रकारचं रसायन) सोडतं, जिवाणू त्याला स्वतःच्या रासायनिक खुणेने उत्तर देतो, मगच मूळरोम (मुळावरचा बारीक केस) वाकडा होऊन त्याला आत घेतो. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही. चवळी, मूग, भुईमूग मात्र फारसे चोखंदळ नाहीत. म्हणून जिवाणू खताच्या पाकिटावरचं पिकाचं नाव वाचायचं.

राहिला पुढच्या पिकाचा प्रश्न. इथे सरळ आकडेमोड करू. एक टन सोयाबीन पिकवायला पीक साधारण ८० किलो नत्र घेतं. त्यातला ६० किलोच्या आसपास दाण्यांतून बाहेर जातो. हवेतून निम्मा, म्हणजे ४० किलो आला असं धरलं तर उरलेले ४० जमिनीने दिले आणि तिला परत मिळाले २०. वीस किलोंची तूट! हवेतून ६० किलो आले तर कुठे बरोबरी. मुळांतला नत्र अशा हिशेबांत बहुधा कमी धरला जातो, तो नीट धरला तर तूट घटते. पण ‘गरजच नाही’ म्हणण्याइतकी शिल्लक यातून निघत नाही.

तरीही द्विदलानंतरचं तृणधान्य जोमात येतं, हा अनुभव खोटा नाही. द्विदलाने मातीतलं नायट्रेट तुलनेने कमी उचललेलं असतं, पालापाचोळा लवकर कुजतो आणि तृणधान्याच्या रोगांची साखळी तुटते. बेवड, म्हणजे पुढच्या पिकाला पोषक ठरणारं आधीचं पीक, म्हणून त्याचं नाव झालंय ते यामुळे, आणि पुढच्या पिकाचं नत्रखत थोडं कमी करता येतं ते त्यामुळेच.

मजकूर सगळ्यात जास्त खरा ठरतो तो हिरवळीच्या खतात. ताग फुलोऱ्यात येताच गाडला तर दाण्यांतून काहीच बाहेर जात नाही, हवेतून आलेला सगळा नत्र मातीत पडतो. फक्त त्यासाठी उभं पीक शेंगा धरायच्या आत गाडावं लागतं, हे त्या मजकुरात कुठेच नसतं.