गाव ओस, मुंबईत लोंढे: त्या संदेशात खरे किती?

आमच्या गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच संदेश महिन्याभरात तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: ‘निम्मे जग आता महानगरांत राहते. खेडी ओस पडली. गावाकडचे लोंढे आल्यामुळे मुंबई फुगली. बाहेरून येणाऱ्यांना वेशीवरच अडवा, म्हणजे शहरे राहण्याजोगी होतील.’ तो पुढे पाठवणाऱ्यांत माझे काका आहेत, शाळेतले मित्र आहेत. त्यांची तळमळ खरी आहे. पण आकडे चुकलेले आहेत, आणि त्यांवर बेतलेला उपाय गरिबाच्या जिवावर उठणारा आहे.

आधी ‘निम्मे जग महानगरांत’. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात जगातली ५५ टक्के माणसे शहरी होती, १९५० मध्ये ती ३० टक्के होती. संदेश लिहिणाऱ्याने शहरी म्हणजे महानगरी असे धरले. एक कोटीहून मोठी शहरे तेव्हा होती ३३, आणि त्यांत राहत होता शहरी लोकांपैकी आठांत एक. जवळजवळ निम्मे शहरी लोक पाच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या लहान शहरांत होते. म्हणजे आपल्याकडच्या बार्शी, उदगीर, चिपळूण अशा ठिकाणी.

त्यातून ‘शहर’ कशाला म्हणायचे हेही ठरलेले नाही, प्रत्येक देश आपापली व्याख्या वापरतो. २०१८ च्या अहवालात टोकियो ३ कोटी ७० लाखांनी पहिले होते आणि इंडोनेशियातले जकार्ता एक कोटीच्या थोडे वर. २०२५ च्या अहवालात जकार्ता जवळजवळ ४ कोटी २० लाखांनी पहिले आले. सात वर्षांत तिथे तीन कोटी माणसे उतरली नाहीत. प्रशासकीय हद्द सोडून सलग दाट वस्ती मोजायला घेतली, एवढेच झाले.

‘खेडी ओस पडली’ हे वाक्य आमच्या ग्रुपवर सगळ्यांना पटते, कारण आम्ही कोकणातले. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या खरोखर घटली. आमच्या वाडीतली काही घरे फक्त गणपतीत उघडतात. हे दुःख खोटे नाही. पण ते सगळ्या देशाचे चित्र नाही. त्याच दशकात भारताची ग्रामीण लोकसंख्या सुमारे ७४ कोटींवरून ८३ कोटींवर गेली. महाराष्ट्राची ५ कोटी ५८ लाखांवरून ६ कोटी १६ लाखांवर. शहरांचा वाटा वाढला तो शहरे अधिक वेगाने वाढली म्हणून, खेडी रिकामी झाली म्हणून नव्हे.

आता लोंढ्यांविषयी. हा शब्दच मला खटकतो, पण आकड्यांचेच बोलू. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचे बेट, २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजारांचे होते. २०११ मध्ये ते ३० लाख ८५ हजारांवर आले. लोक कमी झाले! गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि गिरणगावातली कुटुंबे डोंबिवली, विरार, बदलापूरला गेली. तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा त्याच दहा वर्षांत ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर पोचला. लोकलच्या गर्दीत उभा असलेला माणूस पुष्कळदा दादरहून बाहेर फेकला गेलेला असतो.

त्या दशकातल्या देशभरच्या शहरवाढीत सर्वांत मोठा वाटा शहरात आधीच राहणाऱ्यांच्या घरी जन्मलेल्या मुलांचा. त्यानंतर गावांची शहरांत गणती होण्याचा. खेड्यातून शहरात आलेल्यांचा वाटा त्याहून कमी.

‘वेशीवर अडवा’ हा उपाय दोन ठिकाणी करून झाला आहे. १९७० मध्ये जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी नवागतांना शहर बंद असल्याचे जाहीर केले. तरी जुन्या हद्दीत मोजूनही २०१८ पर्यंत ते एक कोटीच्या वर गेले, हे वर आलेच. चीनने १९५८ पासून हुकोऊची नोंदणी लावली: ज्याची नोंद गावची, त्याला शहरात रेशन, शाळा, दवाखाना यांवर हक्क नाही. आर्थिक सुधारणांनंतर कारखान्यांना माणसे हवी होती, म्हणून माणसे आलीच. २००० मध्ये ३६ टक्के असलेली शहरी लोकसंख्या २०२० मध्ये ६४ टक्क्यांच्या घरात गेली. ज्यांनी ती शहरे बांधली त्यांपैकी कित्येकांची मुले गावी आजी-आजोबांकडे राहिली, कारण शहरातली शाळा त्यांना घेत नव्हती. अडवल्याने येणे थांबले नाही, फक्त येणाऱ्याचे हक्क गेले.

त्या संदेशात ज्याचा उल्लेखही नाही, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. किमान ५,००० वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर, असे गाव जनगणनेत शहर म्हणून मोजले जाते. अशी ‘जनगणना शहरे’ २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४. त्यांचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच असतो. सहा-सात मजली इमारती उभ्या राहतात, पण गटार योजना नसते, अग्निशमन दल नसते, कचरा नेमका कुठे टाकायचा हे ठरलेले नसते. २०२१ ची जनगणना लांबली, त्यामुळे आज ही संख्या किती हे मोजलेलेच नाही.

कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत आली. आत-बाहेरच्या त्या सगळ्या वर्षांत तिथे इमारती उठतच होत्या आणि लोक पाण्याच्या टँकरची वाट बघत होते. काका, आपल्या वाडीतली तीन घरे तिथेच राहायला गेली आहेत. संदेशातले ‘लोंढे’ म्हणजे तीही माणसे.