गरीब गाय, पोटात पाय

नाताळच्या सुट्टीत अटलांटा किंवा शार्लटहून दोन गाड्या भरून फ्लोरिडात उतरणाऱ्या मराठी मंडळींना डिस्नेच्या रांगा आता तोंडपाठ झालेल्या आहेत, आणि म्हणूनच अलीकडे तंबू, भाड्याची कायाक (वल्ह्याची अरुंद होडी) आणि मॅनॅटी असा नवा बेत घरोघरी शिजू लागला आहे. या बेतात काही उत्साही कुटुंबांकडून अक्षम्य ढिलाई होते, म्हणजे ती मंडळी त्या प्राण्याला काहीही न करता परत येतात. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये, यासाठी हे मार्गदर्शन.

मॅनॅटी म्हणजे समुद्रगाय. लांबी साधारण तीन मीटर, वजन साडेचारशे किलोच्या घरात, आणि दिवसाचे सहा-आठ तास पाण्यातले गवत खाण्यात जातात. ‘गरीब गाय, पोटात पाय’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी तिला न पाहताच रचली असली, तरी ती शब्दशः बसते ती हिलाच, कारण उत्क्रांतीच्या ओघात तिचे मागचे पाय नाहीसे झाले आणि कमरेच्या हाडांचे लहानसे अवशेष तेवढे अंगाच्या आत उरले. म्हणीचा आतला अर्थ मात्र हिला लागू पडत नाही. हिच्या गरिबीत कावा नाही. शिंगे नाहीत, पुढचे दात नाहीत, अंगावर धावून जाण्याची रीत नाही. तेव्हा तिच्याशी कसे वागायचे हे ठरवण्याचा पूर्ण अधिकार आपोआपच आपल्याकडे येतो, ही गोष्ट सुज्ञ वाचकाने सर्वप्रथम ध्यानात घ्यावी.

जायचे ते ऐन थंडीत. एवढे आडवेतिडवे अंग असूनही तिच्यात ऊब धरून ठेवणारी चरबी फारशी नसते, आणि पाणी वीस अंश सेल्सियसच्या खाली बराच काळ राहिले की ती आजारी पडते, मरतेही. म्हणून सेंट जॉन्स नदी गारठली की त्या भागातल्या मॅनॅटी ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग या झऱ्यात गोळा होतात, कारण त्याचे पाणी बारा महिने बावीस अंशांच्या आसपास असते. १९७० च्या सुमारास तिथे जेमतेम ११ मॅनॅटी मोजल्या गेल्या होत्या. २०२४ च्या जानेवारीत एकाच दिवशी ९३२ मोजल्या गेल्या. एवढ्या गायी एका गोठ्यात दाटीवाटीने आणि अगतिकपणे उभ्या असण्याचा योग वारंवार येत नाही. बाहेर गेली तर थंडीने मरेल, या भीतीने जो पाहुणा जागचा हलत नाही, त्याच्यासारखा सोयीचा पाहुणा दुसरा कोणता?

दुर्दैवाने याच ठिकाणी सरकार आडवे येते. नोव्हेंबरच्या मध्यापासून हा झरा पोहणाऱ्यांना आणि कायाकवाल्यांना बंद होतो, आणि उरते ती काठावरची फळ्यांची पायवाट, जिथून स्वच्छ निळ्या पाण्यातले ते राखाडी अंग, पोटाशी चिकटलेले वासरू आणि दर काही मिनिटांनी वर येणारे नाकाचे टोक हे सारे अगदी स्पष्ट दिसते. म्हणजे नुसते दिसते. हात लावता येत नाही. तंबू ठोकायची सोय याच उद्यानात असल्यामुळे पहाटे उठून गर्दीच्या आधी तिथे जाऊन उभे राहता येते, असे काही भाबडे लोक सांगतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे आणि थेट पश्चिम किनाऱ्यावरचे क्रिस्टल रिव्हर गाठावे, कारण तिथल्या किंग्ज बे या उपसागरात मॅनॅटीसोबत पाण्यात उतरायला परवानगी आहे. परवानगी म्हटली की पुढचे सगळे आलेच, असे मानण्याची आपली जुनी परंपरा आहे.

तिथेही काही भाग दोऱ्या आणि तरंगते फलक लावून बंद केलेले असतात. मॅनॅटीला नको वाटले तर तिने तिथे जाऊन निवांत पडावे, ही त्यामागची कल्पना. दोरीच्या आत ती दिसली, तर कायाकचे टोक तेवढे आत घालावे. टोक म्हणजे काही संपूर्ण कायाक नव्हे. तळाशी झोपलेली मॅनॅटी वीस मिनिटांपर्यंतही श्वास न घेता राहू शकते आणि आपल्याला चार वाजता गाडी परत करायची असते, तेव्हा वल्ह्याने हलकेच ढोसून तिला वेळेचे भान द्यावे. वासरू दिसल्यास आई आणि वासरू यांच्या बरोबर मध्ये पोहत जावे, म्हणजे दोघेही एकाच फोटोत येतात. ही माउली दोन ते पाच वर्षांत एकदाच विते आणि वासरू दोन वर्षांपर्यंत तिच्या अंगाला अंग लावून राहते, असे वाटाडे सांगतात. सांगू द्यावे.

आता धार्मिक भाग. गाय म्हटली की गोग्रास आलाच, आणि मॅनॅटीचे सर्वांत जवळचे नातलग हत्ती असल्यामुळे इथे गाईचे आणि गजाननाचे असे दुहेरी पुण्य एका कोबीच्या पानात पदरी पडते. ज्यांचे नातेवाईक पाण्याकाठच्या बंगल्यात राहतात, त्यांनी धक्क्यावरून बागेची नळी सोडावी. मॅनॅटीला गोडे पाणी आवडते आणि ती तोंड वर करून ते पिते, हे दृश्य पाहुण्यांना फार आवडते. फ्लोरिडाचा कायदा या दोन्हींना मनाई करतो. माणसाकडून खायला-प्यायला मिळते हे एकदा कळले, की ती माणसाकडे येते. माणसे बोटीतून येतात, म्हणून ती बोटीकडेही येते. आणि बोटीला पंखा असतो. त्या पंख्याचे वण पाठीवर घेऊन फिरणाऱ्या मॅनॅटी इतक्या आहेत, की संशोधक एकेकीला तिच्या वणांवरून ओळखतात. आपण दिलेल्या पानाचा आणि त्या वणाचा संबंध जोडायला मधल्या दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि पुण्य मिळवताना जिने चढायची गरज नसते.

कोणी हटकलेच, तर सरकारनेसुद्धा त्यांना खाऊ घातले होते, असे ठणकावून सांगावे. हे अगदी खरे आहे. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगून या उथळ खाजणात सांडपाणी आणि खतांचे पाणी वर्षानुवर्षे मिसळत राहिले, त्यावर शेवाळ माजले, शेवाळाने ऊन अडवले, ऊन न मिळाल्याने तळाचे गवत मेले आणि २०२१ या एका वर्षात फ्लोरिडात ११०० मॅनॅटी मेल्या, त्यांतल्या कित्येक उपासमारीने. त्यानंतरच्या हिवाळ्यात अधिकाऱ्यांनी नाइलाजाने पाण्यात लेट्यूस टाकले. इतके सविस्तर बोलू नये. ‘सरकारने दिले’ एवढ्यावर थांबावे, कारण हिरवळीवर टाकलेल्या खताचा विषय निघाला, तर तो ज्या नातेवाइकांकडे आपण उतरलो आहोत त्यांच्याच अंगणात येऊन पोचायचा.

आठवण मागे ठेवण्याच्या बाबतीत मात्र आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. राजगडापासून सिंधुदुर्गापर्यंत एकही तट आपण बदामाशिवाय आणि बाणाशिवाय ठेवलेला नाही. तरीही अमेरिकन माणूस इथे आपल्या पुढे गेला, हे नमूद करताना वाईट वाटते. २०२१ च्या जानेवारीत होमोसासा नदीत एक मॅनॅटी आढळली, तिच्या पाठीवरचे शेवाळ खरवडून कोणीतरी तत्कालीन राष्ट्राध्यक्षांचे आडनाव लिहिले होते. त्याआधी २०१२ मध्ये पिनेलस काउंटीत एक बाई मॅनॅटीवर स्वार झालेली लोकांनी पाहिली, आणि पुढे तिच्यावर गुन्हाही दाखल झाला. दोन्ही प्रकारांत मॅनॅटीने काय केले? काहीही नाही. हेच तर तिचे वैशिष्ट्य.

या वैशिष्ट्याचा पुरेपूर उपयोग कसा करावा, याचा आदर्श मात्र जुन्या काळातल्या लोकांनीच घालून दिला आहे. १७४१ मध्ये बेरिंग या दर्यावर्दीच्या रशियन मोहिमेचे जहाज उत्तर पॅसिफिकमधल्या एका ओसाड बेटाला लागून फुटले, तेव्हा तिथे अडकलेल्या श्टेलर नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने मॅनॅटीची एक प्रचंड बहीण पाहिली. ती माणसाला बुजत नव्हती. आणि तिच्यातल्या एकीला भाला लागला, तर बाकीच्या पळून न जाता तिला सोडवायला जवळ येत, असे त्याने लिहून ठेवले आहे. ही माहिती शिकाऱ्यांना फार उपयोगी पडली. १७६८ पर्यंत ती जात पृथ्वीवरून संपली. पुरती २७ वर्षे.

कायद्याचे म्हणाल, तर मॅनॅटीला त्रास दिल्याबद्दल अमेरिकेच्या संघीय कायद्याने ५० हजार डॉलरपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर असलेल्यांनी या आकड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावे. बाकीच्यांनी ‘आम्हाला माहीत नव्हते’ हे वाक्य पाठ करून ठेवावे, आणि त्या वेळी पाठीमागचा फलक फोटोत येत नाही ना, हे पाहावे.

शेवटी एका धोक्याची सूचना. कधी कधी कायाकमधला एखादा आळशी गृहस्थ वल्हे मांडीवर आडवे ठेवतो, बोलणे थांबवतो आणि पाण्यावर नुसता बसून राहतो. मग दहा-पंधरा मिनिटांनी कायाकच्या खाली एक राखाडी सावली सरकते, हाताच्या अंतरावर दोन नाकपुड्या उघडतात, ओला उष्ण श्वास सुटतो आणि मिशांचे जाड तोंड कायाकच्या कडेला हलकेच लागून जाते. त्या गृहस्थाचा फोन मात्र पाणी लागू नये म्हणून बंद पिशवीत असतो. संध्याकाळी तंबूबाहेर शेगडीवर खिचडी शिजत असताना बाकीचे आपापले व्हिडिओ दाखवू लागतात, आणि हा ‘बघू तुझा’ म्हटल्यावर नुसता हसतो.