लेखी खुलासा

आज सायंकाळी दादाने मला त्याच्या मुलीच्या वहीतील एका पानाचे छायाचित्र पाठवले. शाळेतील एका दिवंगत शिक्षकांना श्रद्धांजली म्हणून सगळे स्तब्ध उभे असताना ही चौदा वर्षांची मुलगी हसली, आणि त्यावर वर्गशिक्षिकांनी लाल शाईने लिहिले आहे : "शोकसभेत हसण्यासारखे काय होते, याचा लेखी खुलासा पालकांच्या सहीने उद्या सादर करावा." खाली दादाचा निरोप होता, "तुझं ऐकते ती. जरा समजाव." गेला तासभर ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि दर वेळी माझा संताप वाढतो आहे.

हा प्रश्न मला नवा नाही. एकोणीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रुग्णालयाच्या खोलीबाहेर येऊन बाबा गेल्याचे सांगितले, तेव्हा मी हसले होते. तेही ओठांतल्या ओठांत नव्हे, तर मोठ्याने, खांदे गदगदा हलवत, थांबवू म्हटले तरी थांबेना असे. दादाने माझा दंड घट्ट धरून विचारले, "हसण्यासारखं काय आहे यात?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही, आणि घरात पुढे अनेक वर्षे कोणी तो विषय काढला नाही.

मुळात हसणाऱ्याला त्याच्या हसण्याचे कारण ठाऊक असते, हे गृहीतच चुकीचे आहे. १९९८ मध्ये इट्झॅक फ्रीड या मेंदूशल्यविशारदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अपस्माराच्या उपचारासाठी आलेल्या सोळा वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तपासणीत तिच्या मेंदूच्या पुढच्या भागातील एका लहानशा जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला की ती स्मित करी आणि प्रवाह वाढवला की खळखळून हसे. का हसलीस असे विचारले की तिच्याकडे दर वेळी कारण तयार असे : कधी समोरच्या चित्रातला घोडा, कधी वाचायला दिलेला मजकूर, तर कधी भोवती उभी असलेली ही डॉक्टर मंडळीच. हसू आधी आले होते आणि कारण मागाहून जुळवले गेले होते. तिच्याकडून लेखी खुलासा मागितला असता, तर तिने घोड्यावर चांगला पानभर मजकूर लिहून दिला असता!

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने तर लोकांच्या रोजच्या बोलण्यातले सुमारे १,२०० हसण्याचे प्रसंग टिपून ठेवले. त्यांपैकी जेमतेम १० ते २० टक्के प्रसंगी हसण्याआधी काही विनोदी म्हणावे असे बोलले गेले होते. बाकीचे हसणे "बरंय, भेटू मग" यासारख्या साध्या वाक्यांमागून आलेले होते. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असेही त्याला आढळले. म्हणजे हसणे हे बहुतांशी विनोदाला दिलेले उत्तर नसून समोरच्या माणसाला दिलेला आवाज आहे. मीही त्या दिवशी एकटी नव्हते. आई होती, दादा होता, आणि आपण तिघे आता काय करणार, हे मला कळत नव्हते.

दुसऱ्याला टोचण्यासाठी हसणारेही असतात, हे मान्य, आणि त्या शिक्षकांच्या घरचे कोणी तिथे असते तर त्यांना ते हसू जिव्हारी लागले असते, हेही मान्य. पण कुत्सित हसणे आणि ताण असह्य होऊन फुटलेले हसू यांतला फरक ज्यांना रोज मुलांमध्ये वावरूनही ओळखता येत नाही, त्यांनी खुलासे मागत बसू नये.

शाळेचाच विषय निघाला आहे म्हणून सांगते. १९६२ च्या जानेवारीत, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या टांगानिकातील (आजच्या टांझानियातील) काशाशा गावच्या मुलींच्या निवासी शाळेत तीन मुली हसू लागल्या, आणि बघता बघता ते हसू १५९ पैकी ९५ मुलींपर्यंत पोहोचले. हसता हसता त्या रडतही होत्या. मार्चमध्ये शाळाच बंद ठेवावी लागली, आणि घरी गेलेल्या मुलींबरोबर ते लोण इतर गावांतही पसरले. विनोद कोणता झाला, ते कोणालाच सापडले नाही. मुलींवरचा असह्य ताण, असेच त्याचे स्पष्टीकरण पुढे दिले गेले. त्या ९५ जणींकडून खुलासे मागवले असते, तर काय हाती लागले असते?

आपल्या परंपरेने हे पाहिले नव्हते, असेही नाही. नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या अपहसिताची लक्षणे वाचताना मी दचकले होते : अस्थानी आलेले हसू, डोळ्यांत पाणी, खांदे आणि मस्तक हलणे. रुग्णालयाच्या खोलीबाहेर उभी असलेली मी म्हणजे अगदी हेच. भरतमुनींना त्या डोळ्यांतले पाणी दिसले होते, तरी त्यांनी हा प्रकार अधम पात्रांच्या वाट्याला दिला, याबद्दल माझा त्यांच्यावर थोडा राग आहे. (वर्गशिक्षिकांवर आहे तितका नाही.)

लिहिता लिहिता मात्र आई आठवते आहे. काही वर्षांपूर्वी दुपारी चहा घेताना, कसलाही संदर्भ नसताना ती म्हणाली, "तू हसलीस ना त्या दिवशी, तेव्हा मलाही हसू फुटत होतं. तोंडावर हात दाबून धरला होता मी." मी तर तोवर समजत होते की तो हात रडू दाबण्यासाठी होता. हसू ऐकले की आपला मेंदू चेहऱ्याच्या स्नायूंना हसण्यासाठी सज्ज करू लागतो, असे अभ्यासक सांगतात. आईला हे कोणी सांगितलेले नव्हते. त्या दुपारी आम्ही दोघी बाबांच्या आठवणीने डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

मघाशी मुलीशी फोनवर बोलले. शेजारच्या मुलीचे नाक वाजले आणि हसू आले, असे ती आधी म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, "आत्या, ते सर मला खूप आवडायचे." मी तिला काहीही समजावले नाही.

दादा, हे तू वाचशीलच. खुलासा मी आज रात्री लिहून पाठवते आहे. पालक म्हणून सही तुला करायची आहे, तेव्हा आधी तो पूर्ण वाच. मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.