परवा म्हणजे नेमकं कधी?

कोड एका दुपारी लिहून झाला. त्याच्या वरचं चार ओळींचं वर्णन लिहायला तीन आठवडे गेले, आणि ते आता नीट जमलंय असं छातीठोकपणे सांगायची माझी अजून हिंमत नाही.

प्रकार असा. आम्ही कामांची यादी सांभाळणारा एक एआय एजंट करत होतो. माणसाने सांगायचं, "हे टाक, ते झालं," आणि एजंटने त्याप्रमाणे योग्य ते टूल, म्हणजे एकेक ठरावीक काम करणारा छोटा प्रोग्राम, वापरायचं. आता टूलच्या पोटातला कोड कितीही देखणा असो, मॉडेलला, म्हणजे एजंटच्या डोक्याला, तो दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि काय काय माहिती भरायची त्याचा तक्ता. बरणीत काय आहे ते चिठ्ठीवरून ओळखायचं, झाकण उघडायची सोय नाही. आणि चिठ्ठी लिहिणारा मी!

पहिला दणका दिला तो 'काढणे' या क्रियापदाने. डिलीटच्या टूलवर सहकाऱ्याने लिहून ठेवलं होतं, 'यादीतलं काम काढतो.' (वर्णनं मराठीत हवीत हा हट्ट माझाच.) चाचणी घेणाऱ्या बाईंनी एजंटला सांगितलं, "विम्याचं एक काम काढ, सोमवारचं." त्याने इमानेइतबारे यादी चाळली, विम्याचं सोमवारचं काम शोधलं आणि काढलं. म्हणजे उडवलं. बाईंना नवीन हवं होतं. आपण दारात आलेल्याला "काय काम काढलंत?" असं विचारतो, तेव्हा तो काही खोडायला आलेला नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? मीच. पगार त्याचाच होता.

मग नव्याने लिहिलं: 'काम यादीतून कायमचं पुसतो. परत आणता येत नाही. काम उरकलं असेल तर हे वापरू नका, "पूर्ण" वापरा. नवीन काम असेल तर "नोंदव" वापरा.' एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण तोंड पोळलेलं होतं, म्हणून खाली जोडलं: 'विचारल्याशिवाय कधीही, कधीही काही करू नका!!' एजंट असा काही हबकला की विचारू नका. "यादी दाखवू का?" "खरंच दाखवू का?" "दाखवल्यावर वाचून दाखवू का?" शेवटी एक उद्गारचिन्ह काढलं, मग दुसरं, मग एक 'कधीही'. 'काही करू नका'च्या जागी 'पुसू नका' घातल्यावर कुठे तो माणसात आला.

अग्रक्रमाचा घोळ लवकर मिटला. १ ते ५ आकडे ठेवले होते, त्यातला मोठा कोणता हे मीच लिहायला विसरलो होतो. आकडे काढून 'कमी', 'मध्यम', 'तातडीचं' असे तीनच पर्याय बांधून दिले. (माणसांना मात्र चौथा लागतो: 'फारच तातडीचं'.)

तारखेने खरा घाम काढला. मी लिहिलं होतं, 'तारीख द्या.' त्या रकान्यात 'उद्या' आलं, 'शुक्रवार' आलं, '०३/०४' आलं, जे कुणाला तीन एप्रिल वाटतं आणि कुणाला चार मार्च. शिवाय आज कोणता दिवस आहे हे मॉडेलला आपोआप ठाऊक नसतं. सांगितलं नाही, तर ते बिनधास्त अंदाज ठोकतं. मी आयएसओ ८६०१ चे, म्हणजे तारीख लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे, पाय धरले: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, २०२५-०४-०३. आजची तारीखही एजंटला पुरवायला लागलो. सुटलो म्हणेपर्यंत 'परवा' आला.

आपला परवा मागेही असतो आणि पुढेही. 'परवा गेलो' आणि 'परवा जाऊ' यातलं क्रियापद आपल्याला वाचवतं. पण यादीत क्रियापद कोण लिहितो? 'परवाची मीटिंग, मुद्दे' एवढंच. एजंटने मागचा परवा धरला. काम जन्माला आलं तेच दोन दिवस मुदत उलटून, आणि आल्या आल्या लाल अक्षरांत बोंबलायला लागलं. मी परवावर दहा ओळी लिहिल्या. मग तेरवा आठवला. आणखी सहा.

इथे बिलं बघणारे गृहस्थ आले. ही वर्णनं मॉडेलला दर वेळी नव्याने पाठवली जातात आणि त्यांचेही टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, बिलात मोजले जातात. "हा निबंध कुणासाठी?" त्यांनी विचारलं. सोळा ओळींची एक झाली: 'परवा मागचा की पुढचा हे कळत नसेल तर विचारा.' तीन आठवड्यांतलं माझं सर्वांत चांगलं वाक्य तेच.

वर्णन सुधारलं तरी काही चुकल्यावर टूल जो संदेश देतं, तो राहिलाच होता. सर्व्हर मंदावला, काम नोंदलं गेलं, पण उत्तर गेलं 'काहीतरी चुकलं.' काय चुकलं, पुढे काय करायचं, काही नाही. चिकाटीच्या एजंटने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. यादीत 'दाढेसाठी डॉक्टरांची वेळ घेणे' अकरा वेळा. बत्तीस दातांपैकी जवळपास एक तृतीयांश.

टूल जोडण्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा नियमसंच आणला. त्यात आता टूल विध्वंसक आहे की नाही याची खूण करता येते, आणि बदल करणाऱ्या टूलवर ती केली नाही तर ते विध्वंसक आहे असंच गृहीत धरतात. हे मी घरी कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, "तुझ्या बाबतीत मी पहिल्यापासून तेच धरते."

त्यावर काही बोलायच्या आत तिने विचारलं, "परवाचं काम झालं का रे?"

सवयीने माझ्या तोंडून गेलं, "मागच्या परवाचं की पुढच्या?"

"दोन्ही."